बरगडी रुसली, श्वास अडला!

मंगळवार, दुपारचे साडेतीन. रिलीजची डेडलाइन डोक्यावर, पाठीची कमान झालेली आणि मी मागच्या टेबलावरचा चार्जर घ्यायला वळलो. खट्! छातीत डाव्या बाजूला अशी कळ गेली की श्वास अर्ध्यावरच थांबला. मनात एकच शब्द आला – हार्ट!

टीम लीडनं चेहरा बघितला आणि सरळ गाडी काढली. हिंजवडीचं ट्रॅफिक तुम्हाला माहीत आहेच! हॉस्पिटलमध्ये ईसीजी, रक्ताची तपासणी, एक्स-रे... सगळं नॉर्मल. मग डॉक्टर मॅडमनी पाठीत, मणक्याच्या अगदी शेजारी एका जागी अंगठा दाबला आणि मी किंचाळलोच. ‘‘हृदय ठणठणीत आहे तुमचं. बरगडीचा सांधा आखडलाय.’’

पिंपरीला घरी आलो. आमच्याकडे याला ‘उसण भरली’ म्हणतात आणि तव्यावर गरम केलेल्या मिठाच्या पुरचुंडीनं शेकतात. पण आईनं आधी विचारलं, ‘‘ईसीजी काढला ना?’’ रिपोर्ट हातात घेतला, तेव्हाच तवा गॅसवर चढला. कारण बाबा. कारखान्यात तिसऱ्या पाळीला त्यांच्या छातीत दुखलं होतं, तेव्हा त्यांनी ‘उसण असेल’ म्हणून रात्र काढली होती. ती उसण नव्हती. बाबा वाचले, पण त्या रात्रीनंतर आई छातीच्या दुखण्यावर पैज लावत नाही.

तर बॉस, आता थोडी शाळा! बरगड्यांच्या १२ जोड्या. वरच्या ७ कूर्चेनं थेट छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या, पुढच्या ३ वरच्या बरगडीच्या कूर्चेला टेकलेल्या, शेवटच्या २ पुढून मोकळ्या. मागे मात्र सगळ्यांचे मणक्याशी सांधे. आपण याला ‘छातीचा पिंजरा’ म्हणतो खरं, पण हा पिंजरा सतत हलतो. वरच्या बरगड्या हापशाच्या दांड्यासारख्या पुढून वर जातात, खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला उचलल्या जातात. त्याच वेळी खालचं श्वासपटल सपाट होत खाली सरकतं. आत जागा वाढते आणि हवा शिरते. म्हणजे हवा शिरते म्हणून छाती फुगत नाही, छाती फुलते म्हणून हवा शिरते! मिनिटाला १४ श्वास धरले तरी दिवसाला २० हजारांहून जास्त.

आता आपलं डेस्क आठवा. पोक काढून बसलं की पोट दबतं, श्वासपटलाला खाली सरकायला जागा कमी पडते, खालच्या बरगड्या आळसावतात. मग मानेचे स्नायू वरच्या दोन बरगड्या खेचून ओव्हरटाइम करतात. संध्याकाळी मान दगडासारखी का होते, कळलं?

अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला ऑस्टिओपॅथीचं पहिलं कॉलेज काढलं. या शास्त्रात बरगडीवर हात ठेवून बघतात – श्वास सोडताना खाली न येणारी कोणती, घेताना वर न जाणारी कोणती. हाड ‘निसटलेलं’ बहुधा नसतंच. सांधा आणि आजूबाजूचे स्नायू आखडलेले असतात. आपल्याकडे हे काम मुख्यतः फिजिओथेरपिस्ट करतात. हातानं केलेल्या उपचारांनी दुखणं कमी होऊ शकतं. पण ‘बरगडी बसवून दमा, बीपी सगळं घालवतो’ असं कुणी म्हणालं, तर चप्पल घाला आणि निघा!

आणि श्वासाची ही गंमत बघायला अमेरिकेला कशाला? पिंपरी स्टेशनवरून लोकल पकडा, शेवटचा स्टॉप लोणावळा. तिथं स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं आणि योगक्रिया चक्क एक्स-रेखाली तपासल्या. त्यातलीच एक उड्डियान. श्वास पूर्ण सोडायचा आणि हवा आत न घेता बरगड्या फुलवायच्या. श्वासपटल वर ओढलं जातं, पोट आत खोल जातं. पण हे शिक्षकाशिवाय घरी करून बघू नका, प्लीज.

तुमच्यासाठी सोप्पं काम. तासातून एकदा खुर्चीत सरळ बसा. दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर ठेवा. नाकानं श्वास घ्या, तळवे बाजूला सरकताहेत का बघा, मग घेतला त्याहून सावकाश सोडा. पाच वेळा. खांदे वर जात असतील तर चीटिंग!

वळताना, खोकताना किंवा बोटानं दाबल्यावर दुखतं, ते बरेचदा बरगडीचं असतं. पण ‘बरेचदा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. छातीवर दडपण, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम, धाप – यातलं काहीही असलं तर गुगल नको, शेक नको. १०८ फिरवा. ईसीजी नॉर्मल आला आणि ऑफिसात दोन दिवस चेष्टा झाली, तर होऊ दे.

माझी झालीच. बाबा मात्र हसले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘बरं केलंस, लगेच गेलास.’’