‘कनेक्ट होत नाहीये’ म्हणजे नेमकं काय?

सबमिशन जवळ आलं की तळेगावहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या लोकलमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘अरे, लॅबचा पीसी कनेक्टच होत नाहीये!’ प्रोजेक्ट लॅबमधल्या उबुंटूवर, घरचा लॅपटॉप विंडोजचा आणि ग्रुपमधल्या एकाकडे मॅक. कामशेत, मळवलीला राहणाऱ्यांना लॅब बंद होईपर्यंत थांबणं परवडत नाही. गाडी चुकली की बसा प्लॅटफॉर्मवर! त्यामुळे घरून लॅबचा कॉम्प्युटर चालवता येणं ही आपल्यासाठी चैन नाही, गरज आहे.

पण जमलं नाही की सल्ले काय मिळतात? ‘फायरवॉल बंद करून टाक’, नाहीतर ‘ॲप टाक आणि मला कोड पाठव, मी बघतो’. दोन्ही सल्ले घातक आहेत, कारण दोन्हींत बिघाड कुठे आहे हे कुणी शोधतच नाही. ‘कनेक्ट होत नाहीये’ ही एक तक्रार नाही, चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत.

पहिली, समोरच्या मशीनपर्यंत पोहोचतोय का? तो पीसी स्लीपमध्ये गेला असेल तर उत्तर कोण देणार? शिवाय 192.168 ने सुरू होणारा पत्ता त्या नेटवर्कच्या आतच चालतो. लोणावळ्यात बसून तो टाइप केला तर लॅब सापडणार नाही. त्यासाठी कॉलेजचं व्हीपीएन लागतं.

दुसरी, समोरच्या मशीनवर ही सोय चालू आहे का? विंडोजच्या होम एडिशनवरून दुसऱ्या मशीनवर जाता येतं, पण होम एडिशनच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने येता येत नाही. त्याला प्रो लागतं. मॅकवर सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन शेअरिंग चालू करावं लागतं. कित्येकांचे तास इथेच वाया जातात.

तिसरी, दोघांची भाषा एक आहे का? विंडोज आरडीपी बोलतो, मॅकचं स्क्रीन शेअरिंग व्हीएनसी. आरडीपीचं नेहमीचं पोर्ट 3389, व्हीएनसीचं 5900. विंडोजवरून मॅक उघडायचा तर व्हीएनसी व्ह्यूअर हवा. उबुंटूमध्ये 22.04 पासून आरडीपीची सोय आतच आहे, म्हणून विंडोजशी त्याचं बऱ्यापैकी जमतं. पण 22.04 मध्ये स्क्रीन लॉक झाली की कनेक्शन तुटतं, हे कुणी सांगत नाही.

चौथी, ओळख पटतेय का? विंडोजला लॉगिन करताना आपण चार आकडी पिन टाकतो, पण रिमोटला तो चालत नाही, अकाउंटचा पासवर्डच लागतो. उबुंटूच्या शेअरिंगचा पासवर्ड लॉगिनच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. आणि एक्सआरडीपी वापरताना नुसती काळी स्क्रीन दिसली, तर तोच यूजर लॅबमध्ये आधीच लॉगिन आहे का, ते आधी बघा.

स्क्रीनवरचा मेसेजही नीट वाचा. ‘टाइम आउट’ आलं तर वाट अडली आहे किंवा फायरवॉलने अडवलंय. ‘रिफ्यूज्ड’ आलं तर बहुतेक वेळा मशीन सापडलंय, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये. पासवर्ड चुकल्याचा मेसेज आला तर खूश व्हा, तुम्ही दारापर्यंत पोहोचलात! फायरवॉलनेच अडवलं असेल तरी तो आख्खा बंद करायचा नसतो. आपल्याला हवं ते एकच पोर्ट, तेही आतल्या नेटवर्कपुरतं उघडायचं.

हे सगळं इतकं मनावर का घ्यायचं? 2019 मध्ये जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ‘ब्लूकीप’ नावाची त्रुटी सापडली. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने सपोर्ट कधीच बंद केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं, की एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावून, कोड मागून लोकांची खाती रिकामी केली जातायत. ‘कोड पाठव, मी बघतो’ ही मित्राची मदत आणि त्या भामट्याचा फोन, दोघांची भाषा एकच आहे. आज आपण विचार न करता कोड देतो आणि उद्या घरी आई-बाबाही आपलं बघून तेच करतात.

म्हणून आमचं म्हणणं दोन बाजूंना आहे. कॉलेजांनी घरून लॅब वापरायची अधिकृत सोय द्यावी. व्हीपीएन, प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन आणि तिन्ही सिस्टिमसाठी मराठीत एक पानभर सूचना, एवढंच. लॅबच्या भिंतीवर ‘पेन ड्राइव्ह वापरू नये’ चा कागद लागू शकतो, तर हाही लागू शकतो. सोय नसली की मुलं चोरवाट काढतात आणि त्या वाटेने कुणीही आत येतं.

आणि आपण? पुढच्या वेळी ‘कनेक्ट होत नाहीये’ म्हणण्याआधी, चारांपैकी कुठे अडलंय ते शोधा. लॅबच्या सरांना तसा एक ओळीचा मेसेज टाकलात तर मदतही लवकर मिळेल. ओळखीच्या माणसाला स्क्रीन दाखवायचीच असेल तर समोर बसून राहा आणि काम संपलं की ॲप काढून टाका. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच 1930 वर फोन करा.