उलटी तार

भोपाळच्या जवाहर चौकातील आमच्या घरी दोन जुने संगणक आहेत. वडिलांनी जुळविलेला कुलवृत्तान्त त्यांतील अधिक जुन्यात अडकला होता आणि त्याची हार्ड डिस्क कुरकुरू लागली होती. दोहोंमध्ये तार जोडली. पण जोडणीचे दिवे लागेनात.

अशा वेळी तपास तारेपासून आरंभावा, हे आम्ही ठेच लागून शिकलो. अशा जुन्या यंत्रांना सरळ तार चालत नाही. एका टोकाच्या १ व २ क्रमांकांच्या तारा दुसऱ्या टोकास ३ व ६ वर न्याव्या लागतात. तेव्हाच एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी पडते. उलटी तार आणताच दिवे लागले. मग पत्ते दिले : १९२.१६८.०.१ आणि १९२.१६८.०.२, सबनेट मास्क दोहोंस २५५.२५५.२५५.०. तरीही हाकेला ओ नाही! २००४ च्या सुधारणेपासून विंडोज एक्सपीची फायरवॉल आपोआपच राखण करते. ती आपले कर्तव्य करीत होती. फाइल-शेअरिंगपुरते दार किलकिले केले आणि वृत्तान्त सुखरूप पलीकडे पोचला.

वाचकहो, आपल्याही घरी असे काही अडकले असेल, तर डिस्क फिरते आहे तोवर काढून घ्यावे. परमुलखात वाढणाऱ्या नातवंडांना आपले मूळ गाव सांगणारे कदाचित तेवढेच एक पान असेल.