शालेय आरोग्य : तपासणी वर्षातून एकदा, लिखा फुटतात दहा दिवसांत

परिपाठ संपला की दोन्ही हात पुढे करून नखे दाखवायची, ही पद्धत आपल्या शाळांत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. ज्याची नखे वाढलेली अथवा गणवेश मळलेला, तो रांगेबाहेर. ही तपासणी आरोग्याची की शिस्तीची, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

मध्य प्रदेशच्या सीमेलगत असलेल्या, तुमसर तालुक्यातील बपेरासारख्या गावाच्या संदर्भात तो विचारणे आवश्यक आहे. आपल्या ग्रामीण शाळांत पूर्णवेळ परिचारिका नसते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील फिरत्या पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर शाळेत एकदाच जाते. हृदयदोष, दृष्टिदोष यांसारखे विकार शोधण्यास ही व्यवस्था उपयुक्त आहे. परंतु डोक्यातील लिखा आठ-दहा दिवसांत फुटतात. त्यांच्यापुढे वार्षिक भेटीचा काय पाड लागणार?

खरजेचे उदाहरण अधिक बोलके आहे. ती अस्वच्छतेमुळेच होते, हा समज चुकीचा असून तिचे मूळ कातडीत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्यात आहे आणि एकाच अंथरुणात झोपणाऱ्या भावंडांत ती सहज पसरते. घरातील सर्वांनी एकाच दिवशी मानेपासून पायापर्यंत मलम लावले नाही, तर बरे झालेले मूल पुन्हा खाजवू लागते. म्हणजे उपचार करायचा तो कुटुंबावर. शिक्षा मात्र शाळेत एकट्या मुलाला! खाजवल्यामुळे हिणवले गेलेले मूल आधी मागच्या बाकावर सरकते आणि पुढे शाळेत येईनासे होते.

न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली नेमका हाच पेच होता. डॉक्टर तपासून मुलांना घरी पाठवीत, पण उपचार कोणीच करीत नसे. तेव्हा लीना रॉजर्स या परिचारिकेकडे प्रयोगादाखल चार शाळा सोपविण्यात आल्या. तिने शाळेतच औषध लावले, घरी जाऊन आईला समजावले आणि गैरहजेरी झपाट्याने घटली. केवळ उवांमुळे मुलाला शाळेबाहेर ठेवू नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना आजही सांगते.

जाणती परिचारिका सवय आणि आजार यांची गल्लत करीत नाही. वयात आलेल्या मुलामुलींच्या अंगाच्या दुर्गंधीविषयी ती वर्गात बोलत नाही. बाजूला घेऊन बोलते, आणि आधी विचारते की घरी पाणी किती, गणवेश किती. एकच गणवेश असलेल्या मुलाने पावसाळ्यात तो धुवायचा कधी आणि वाळवायचा कधी?

२०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेअंतर्गत प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत करण्याचे ठरले. शिक्षकांवरील अन्य कामांचा भार पाहता हा तोडगा स्वस्त आहे, पुरेसा नाही. उपकेंद्राची आरोग्यसेविका आणि आशा स्वयंसेविका गावातच असतात. पथक निघून गेल्यावर दहाव्या दिवशी त्यांनी पुन्हा शाळेत यावे आणि ज्या घरांत औषध दिले तेथे डोकावावे, एवढी जबाबदारी लेखी नेमून देण्यास नवे पद लागत नाही. मलमाचा पुरेसा साठा मात्र लागतो, कारण सहा माणसांच्या घराला एक नळी पुरत नाही.