हातांचे शिक्षण

विद्यार्थी मित्रांनो, व्यवसाय शिक्षणाचा तास आला की तुमच्यापैकी काहीजण नाक मुरडतात. "हे तर नापास होणाऱ्यांसाठी!" असे म्हणतात. ते ऐकून पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिराचा मुलगा मान खाली घालतो. हे मला पटत नाही. आपला भंडारा ओळखला जातो तो पितळी भांड्यांमुळेच.

१९३७ साली वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे प्रमुख होते डॉ. झाकिर हुसेन. शिक्षण हस्तोद्योगातून द्यावे, असे या समितीने सुचवले. हेच विद्वान १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. त्यांना हातकाम हलके वाटले नाही. मग आपल्याला का वाटावे?

कापड बेततानाही गणित लागतेच. म्हणून पुस्तक वाचा आणि अवजारही हाती घ्या.