सव्वादोन रुपयांचा मका

परवा पुण्यात बाणेर भागातल्या एका मेक्सिकन हॉटेलात जेवायचा प्रसंग आला. बरोबर माझे एक स्नेही होते. कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागातले शेतकरी, गावात लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणतात. आबांचा मुलगा हिंजवडीला कंपनीत नोकरीला आहे. "आबा, आज घरी स्वयंपाकाचा घाट नको, बाहेरच जाऊ," असे म्हणून त्याने आम्हा दोघांना गाडीत घातले.

हॉटेल काही फार बडेजावाचे नव्हते. रंगवलेल्या भिंती, साधी बाके, कॉलेजची आणि कंपनीतली पोरेपोरी. हाताने खायची पद्धत, त्यामुळे आबांचा निम्मा ताण तिथेच गेला. थोड्या वेळाने ताटली आली. तळहाताएवढ्या तीन मऊ भाकऱ्या, त्याही मक्याच्या. त्यात घोटलेला राजमा, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, वर लिंबाची फोड. शेजारी वाटीत भाजलेल्या मिरची-टोमॅटोची वाटलेली चटणी. या दुमडलेल्या भाकरीला तिकडे टाको म्हणतात आणि चटणीला साल्सा. आबांनी एक घास खाल्ला, राजम्याचा एक अख्खा दाणा बोटावर घेऊन निरखला आणि म्हणाले, "आरं, ह्यो तर आपला घेवडा हाय!"

आबांचे काही चुकले नव्हते. राजमा आणि आपला घेवडा ही एकाच जातीच्या झाडाची भावंडे. श्रावण घेवड्याच्या कोवळ्या शेंगा आपण भाजीला वापरतो तेही तेच झाड. वाठार स्टेशन, देऊर, पिंपोडे या पट्ट्यात खरिपाला जो घेवडा होतो, त्याच्या दाण्यावर वाघाच्या अंगासारखे पट्टे असतात म्हणून तो वाघ्या घेवडा. या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच साली सांगलीच्या बेदाण्यालाही मिळाले.

जेवण झाले. मुलगा बिल लपवू लागला, पण आबांनी ते मागून घेतलेच. एका ताटलीचे तीनशे साठ रुपये, वर पाच टक्के कर. आबा बोटे मोडत हिशेब करत बसले. तो हिशेब मी इथे मांडतो, कारण तो आपल्या प्रत्येकाच्या कामाचा आहे.

२०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्र सरकारने मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर केला. बाजारात तेवढा हातात पडतोच असे नाही, पण पडला असे धरू. म्हणजे किलोला चोवीस रुपये. तीन छोट्या भाकऱ्यांना मका लागतो फार तर नव्वद ग्रॅम. त्याची किंमत झाली सव्वादोन रुपयांच्या आत. आणि त्या ताटलीवरचा कर अठरा रुपये! म्हणजे शेतकऱ्याच्या मक्याला जे मिळाले, त्याच्या आठपट नुसता सरकारचा कर.

इथे लगेच हॉटेलवाल्याला शिव्या द्यायचा मोह होतो. मला तो पटत नाही. त्याला बाणेरचे भाडे आहे, आचारी-वाढप्यांचे पगार आहेत, गॅस, वीज आहे. गिऱ्हाईक आले नाही तर चिरलेला टोमॅटो त्यालाच फेकावा लागतो. शिवाय त्याने कोणाला हाताला धरून आत ओढले नव्हते. लोक रांगेत उभे होते. प्रश्न त्याचा नाहीच. प्रश्न असा आहे, की मक्याची भाकरी, घेवडा आणि चटणी एवढ्यासाठी शहरातला माणूस रांग लावतो, आणि तोच मका आपण कोंबडीखाद्याला आणि मुरघासाला सोडून दुसऱ्या कशाच्या लायकीचा समजत नाही, असे का?

उत्तर आबांच्या मुलानेच दिले, आणि ते जरा लागले. तो म्हणाला, "आबा, माझे मित्र पहिल्यांदा गावाकडे आले होते तेव्हा मी म्हटलं होतं, मक्याची भाकरी आणि घेवड्याची आमटी करूया. तुम्हीच म्हणालात, पावण्यांस्नी असलं गरिबाचं घालत्यात व्हय? आणि कोरेगावातनं पनीर आणलं होतं." आबा गप्प बसले. मीही बसलो, कारण माझ्या घरीही यापेक्षा वेगळे घडत नाही. जिल्ह्यात लग्नकार्याला जा, पनीर, नूडल्स, मंचुरियन. गावात साहेब तपासणीला आले की जेवण शहरातल्या हॉटेलातून येते.

आता दुसऱ्या बाजूने कोणी म्हणेल, की हे सगळे मुळात आपलेच, मेक्सिकोवाल्यांनी उचलले. तेही खरे नाही. मका त्यांचा. मिरची त्यांची. टोमॅटो हा शब्दसुद्धा त्यांच्या जुन्या भाषेतला. घेवड्याचे मूळही त्याच खंडात. पाचशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे कुठेही मिरची नव्हती, तिखटाला मिरी होती. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ही पिके आपल्या किनाऱ्याला लागली आणि आपल्या मातीने ती पोटच्या पोरासारखी वाढवली. पुढे १९६६ साली आपल्या देशाने गव्हाचे १८,००० टन बियाणे आणले तेही मेक्सिकोतूनच. लर्मा रोहो आणि सोनोरा ही नावे जुन्या शेतकऱ्यांना आठवत असतील. तेव्हा या देवघेवीत लाज वाटण्यासारखे काही नाही आणि फुशारकीसारखेही नाही.

मात्र एक गोष्ट गलबतातून आली नाही, ती म्हणजे मका शिजवायची अक्कल. मेक्सिकोतल्या बायका मका कोरडा दळत नाहीत. चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच मुरू देतात, सकाळी चोळून धुतात, टरफल काढतात आणि पाट्यावर वाटतात. त्यामुळे पीठ चिकट होते आणि भाकरी मऊ राहते, दुमडली तरी मोडत नाही. आपली मक्याची भाकरी थापताना कडा फाटतात, त्याचे एक कारण हेच. चुन्यामुळे कॅल्शियम मिळते आणि मक्यात अडकून पडलेले एक जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपने मका नेला, चुना नेला नाही. मग नुसत्या मक्यावर जगणाऱ्या उत्तर इटलीतल्या शेतमजुरांना आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गरिबांना पेलाग्रा नावाच्या रोगाने गाठले. कातडी फुटायची, जुलाब लागायचे, माणसे भ्रमिष्ट व्हायची. बियाणे घेतले, पण ते पिकवून खाणाऱ्याचे शहाणपण घेतले नाही, त्याची ही शिक्षा.

हे शहाणपण शिकायला मेक्सिकोत जाऊन राहिलेला एक मराठी माणूस होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? डॉ. पांडुरंग खानखोजे, वर्ध्याचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांमुळे मायदेश बंद झाला तेव्हा १९२० च्या दशकात ते मेक्सिकोला गेले, तिथल्या चापिंगो येथील शेतकी शाळेत शिकवू लागले. त्यांनी मका आणि गव्हावर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतीशाळा काढल्या. तिथला थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा याने आपल्या भित्तिचित्रात त्यांना चितारले आहे. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि १९६७ साली नागपुरात वारले. २०२२ मध्ये चापिंगोला लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

त्या देशाने आपल्या भाकरीची लाज बाळगली नाही. २००७ साली मक्याचे भाव भडकून भाकरी महागली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. मका इथेनॉलकडे वळला हे त्याचे एक कारण होते. आपल्याकडेही डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधने आली आणि इथेनॉलवाल्यांची मक्याची मागणी वाढली. तेव्हा हा अनुभव आपणही लक्षात ठेवलेला बरा. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. मार्च २०२५ मध्ये तर त्यांनी देशी मक्याच्या रक्षणासाठी जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या लागवडीला घटनेतच बंदी घातली. बाणेरच्या ताटलीला जे तीनशे साठ रुपये पडतात, त्यात या इभ्रतीचीही किंमत आहे.

आणि आपला वाघ्या घेवडा? त्याला मानांकन आहे, पण हमीभाव नाही. हमीभावाच्या पिकांच्या यादीत राजमा-घेवडा बसतच नाही, सोयाबीन बसते. शेंगा वाळायच्या वेळी पाऊस लागला की दाणा डागी होतो आणि व्यापारी सांगेल तो दर. परतीच्या वाटेवर खंबाटकी घाट उतरताना आबा म्हणाले, "औंदा घेवडा बंद करून सगळं सोयाबीन टाकायचं ठरवलं हुतं." चूक कोण म्हणेल?

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली गावच्या अधिकाऱ्यांसाठी. ज्यांना आपण अजून सवयीने ग्रामसेवक, तलाठी आणि कृषी सहायक म्हणतो, त्यांनी घेवडा पिकवणाऱ्यांची कागदपत्रे जमवून मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून त्यांची नोंदणी करून द्यावी. नोंदणीशिवाय मानांकन म्हणजे भिंतीवरची तसबीर. नोंदणी असली तर गटाला आपल्या पिशवीवर ते नाव छापता येते.

दुसरी बचत गटांसाठी. खाण्याच्या चुन्याची निवळी आणि पांढरा मका घेऊन एकदा करून बघा. खर्च काहीच नाही. पुणे-बंगळूर महामार्गावर शिरवळपासून पेठ नाक्यापर्यंत ज्या ढाब्यावर बसाल तिथे तेच पनीर आणि तीच तंदुरी रोटी. घेवड्याची उसळ, मक्याची मऊ भाकरी, खर्डा आणि ताक असा एक ठेला लावला तर गाडी थांबेल का नाही, हे बसून ठरवण्यापेक्षा लावून बघावे.

तिसरी शेतकऱ्यांसाठी, आणि ती सावधगिरीची. शहरात हे खाणे वाढले की लगेच कोणीतरी ॲव्होकॅडोची रोपे आणि 'हमखास खरेदीची हमी' घेऊन दारात येईल. इमूचे काय झाले ते आठवा. २०१९ साली कडकनाथ कोंबड्यांच्या नावाखाली आपल्याच भागात किती घरे बुडाली ते आठवा. लावायचे तर थोडे लावा, पण कागदावर सही करण्यापूर्वी चार ठिकाणी विचारा. आणि त्या ताटलीतले बरेचसे आपल्या शेतात आधीपासूनच आहे, हे विसरू नका.

गेल्या आठवड्यात आबांच्या घरी गेलो होतो. जेवायला मक्याची भाकरी होती, घेवड्याची आमटी होती. भाकरीच्या कडा फाटलेल्या होत्या, चुन्याचे अजून जमलेले नाही. आबांनी जूनसाठी अर्ध्या एकराचे घेवड्याचे बियाणे राखून ठेवले आहे. उरलेल्या रानात सोयाबीनच पडणार. पुढच्या साली तिथे काय पडेल, हे एकट्या आबांच्या हातात नाही.