विश्लेषण : पत्ता स्वतःचा, पेटी भाड्याची! व्यवसायाचा ईमेल स्वतःच्या डोमेनवर का हवा?

केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरच्या यंत्रणेवरून झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर गेल्याचे २०२५ मध्ये समोर आले. यंत्रणा बदलली, पण ‘डॉट गव्ह डॉट इन’ आणि ‘डॉट एनआयसी डॉट इन’ हे पत्ते तेच राहिले. हे शक्य झाले, कारण डोमेन सरकारच्या ताब्यात होते. एखाद्या लघुउद्योजकालाही हाच नियम लागू पडतो. तो कसा, हे समजून घेऊ.

नायरा प्रकरणात काय घडले?

जुलै २०२५ मध्ये युरोपीय महासंघाने नायरा एनर्जी या भारतीय तेल कंपनीवर निर्बंध लादले. रशियाच्या रोसनेफ्टचा या कंपनीत ४९ टक्क्यांहून अधिक हिस्सा आहे. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा थांबवल्या. पूर्ण पैसे भरूनही आपलाच डेटा आपल्याला मिळत नसल्याची तक्रार करत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मधल्या काळात ईमेलसाठी तिने रेडिफची सेवा घेतली. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केल्या.

यातून दोन गोष्टी दिसतात. डोमेन आपले असेल तर नवे ईमेल दुसऱ्या कंपनीकडे वळवता येतात. पण जुने ईमेल ज्या सर्व्हरवर आहेत, तो बंद झाला तर ते तिथेच अडकतात. म्हणून डोमेनची मालकी आणि जुन्या पत्रव्यवहाराचा बॅकअप, दोन्ही हवे.

डोमेनवरचा ईमेल म्हणजे नेमके काय?

ईमेल पत्त्यात ‘ॲट’ या चिन्हानंतर येणारा भाग म्हणजे डोमेन. जीमेलचा पत्ता वापरला तर तो भाग गूगलचा असतो. स्वतःचे डोमेन घेतले तर तिथे व्यवसायाचे नाव येते.

यात तीन वेगळी कामे असतात. डोमेनची नोंदणी रजिस्ट्रार करतो. ‘डॉट इन’ डोमेनची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, म्हणजेच निक्सी पाहते. या डोमेनची पत्रे कुठे पोहोचवायची, हे डीएनएस सांगते. प्रत्यक्ष ईमेल साठवण्याचे काम गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो, रेडिफ यांसारख्या कंपन्या करतात. तिन्ही कामे एकाच कंपनीकडून घेता येतात, वेगवेगळ्या कंपन्यांकडूनही.

खाते सुरू कसे होते?

आधी डोमेन विकत घ्यायचे. ते वर्षाच्या हिशेबाने मिळते आणि दरवेळी नूतनीकरण करावे लागते. मग ईमेल सेवा निवडायची. डोमेन तुमचेच आहे याची खात्री करण्यासाठी ती कंपनी डीएनएसमध्ये एक छोटी नोंद टाकायला सांगते. त्यानंतर ‘एमएक्स’ नोंद भरायची. पत्रे कोणत्या सर्व्हरवर पोहोचवायची, ते ही नोंद ठरवते. बदल सगळीकडे लागू व्हायला काही मिनिटांपासून एक-दोन दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. पुढे सेवा बदलायची झाल्यास हीच नोंद बदलायची असते. ग्राहकांना नवा पत्ता कळवावा लागत नाही.

एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क कशासाठी?

अनेकांचे काम इथेच अर्धवट राहते. ईमेल जातो, पण ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडतो. या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात, त्यांची यादी म्हणजे एसपीएफ. पत्रावरची डिजिटल सही म्हणजे डीकेआयएम. या तपासणीत नापास झालेल्या पत्राचे काय करायचे, ही सूचना म्हणजे डीमार्क.

गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून याबाबतचे नियम कडक केले. जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी आवश्यक आहेत. कमी ईमेल पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक लागतेच. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून मोठ्या प्रमाणात ईमेल पाठवणाऱ्यांसाठी असेच नियम लागू केले.

एक चूक हमखास होते. बिलिंग किंवा जाहिरातीची नवी सेवा जोडताना एसपीएफची दुसरी नोंद टाकली जाते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन झाल्या की तपासणीच फसते. नवी सेवा जुन्याच नोंदीत जोडावी लागते.

फसवणुकीशी याचा संबंध काय?

पुरवठादाराच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा ईमेल पाठवून पैसे लांबवण्याचे प्रकार जगभर होतात. डीमार्क कडक ठेवले तर तुमच्या हुबेहूब पत्त्यावरून बनावट पत्र पाठवणे अवघड होते. एखादे अक्षर बदलून घेतलेल्या डोमेनपुढे मात्र ते हतबल असते. त्यामुळे खाते बदलल्याचा ईमेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करणे, हाच उपाय. पैसे गेलेच तर १९३० या हेल्पलाइनवर तातडीने कळवावे.

पत्त्यावरून खरे-खोटे ओळखता यावे, याच हेतूने रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर जाण्यास सांगितले होते.

खरा धोका कुठे?

वेबसाइट बनवून देणारा डोमेन स्वतःच्याच नावावर घेतो आणि मालकाला ते वाद झाल्यावर कळते. त्यामुळे नोंदणी व्यवसायाच्या किंवा मालकाच्या नावावर आहे का, रजिस्ट्रारच्या खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे आजच तपासावे.

रजिस्ट्रारकडे संपर्कासाठी त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नये. डोमेनची मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो आणि नूतनीकरणाची सूचना कोणालाच मिळत नाही. मुदत संपून सुटलेले डोमेन दुसरा कोणीही घेऊ शकतो. मग तुमच्या नावाने येणारी बिले, ऑर्डर आणि पासवर्ड बदलण्याच्या लिंक त्याच्याकडे जातात.

जीमेल पुरेसे नाही का?

एकट्याने काम करणाऱ्याला सुरुवातीला पुरतेही. पण दोन-चार कर्मचारी आले की चित्र बदलते. नोकरी सोडणाऱ्याच्या खासगी जीमेलवर ग्राहकांचा पत्रव्यवहार असेल, तर तो त्याच्यासोबतच जातो. डोमेनवरचे खाते मालक बंद करू शकतो किंवा दुसऱ्याकडे सोपवू शकतो. मासिक शुल्क माणशी आकारले जात असल्याने ‘विक्री’, ‘हिशेब’ यांसारख्या पत्त्यांसाठी वेगळी खाती न घेता उपनावे वापरली तर खर्च आटोक्यात राहतो.