शनिवारची सकाळ, सायकल आणि पोरींचं वाहतं नाक

स्पष्टच लिहितो. कुणाला झोंबलं तर झोंबू द्या.

गेल्या शनिवारी सकाळी आपल्या भागातल्या एका शाळेच्या फाटकापाशी उभा होतो. गेलो होतो रस्त्यावरच्या खड्ड्यांच्या बातमीसाठी. नववीतली एक मुलगी सायकलवरून उतरली. ओठ फुटलेले, बोटं इतकी आखडलेली की ब्रेकवरून सुटता सुटेनात आणि नाकातून पाण्याची धार. तिनं स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं. फाटकावरच्या गुरुजींनी सगळ्यांदेखत सुनावलं, "शेंबडी कुठली! घरी रुमाल नाही का? जा, नळावर तोंड धुऊन ये." पोरं हसली. त्या गारठ्यात ती मुलगी नळाखाली तोंड धरून उभी राहिली.

शाळेचं नाव लिहीत नाही. गोष्ट एका शाळेची नाहीच. आपण सगळेच हे करतो. चौकात चहा पिताना एखादं पोरगं नाक ओढत गेलं की "शेंबड्या" म्हणून हाक मारणारे हात वर करा. माझाही हात वर आहे.

नंतर त्या मुलीला विचारलं, बाई, रुमाल का नाही वापरत? ती म्हणाली, "रुमाल हाये जी सर. पन काढाले गेली तं एक हात सुटते. रस्त्यावर गिट्टी हाये. पडलो तं? मंग बाहीनंच पुसतो." एवढ्याशा उत्तरात अख्खा रस्ता आला. खड्ड्यांची बातमी मी लिहीनच, पण त्याआधी हे.

रविवारी मी भाच्याची सायकल काढली. वय पंचेचाळीस, पोट पुढे, सवय मोटारसायकलची. पहाटे सव्वासहाला चिचगडहून ककोडीच्या रस्त्याला लागलो. पहिल्या पाच मिनिटांतच डोळ्यांना पाणी. दहाव्या मिनिटाला नाक असं सुटलं की मिशी ओली. रुमाल काढायला खिशात हात घातला आणि पुढचं चाक खड्ड्यात. पडलो नाही, एवढंच. मग काय केलं सांगू? बाहीनं पुसलं. डिप्लोमा झालेला, वीस वर्षं पत्रकारिता केलेला माणूस शेवटी बाहीवरच आला.

हे नाक का वाहतं, ते समजून घ्या. लाज कुणाला वाटायला हवी, ते त्यावर ठरतं.

आपल्या फुप्फुसाला गरम आणि ओलसर हवा लागते, जवळजवळ शरीराच्या तापमानाची, म्हणजे 37 अंशांच्या आसपास. गोंदिया जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, एखाद्या पहाटे सात-आठवर येतो. विदर्भातल्या सगळ्यात थंड ठिकाणांत आपलं नाव दरवर्षी पेपरात असतं. आठ अंशांची कोरडी हवा नाकपुडीत शिरते आणि घशात पोचेपर्यंत नाकाला ती तापवून, भिजवून द्यावी लागते. त्यासाठी नाक आतून जास्त पाणी सोडतं. हा मज्जातंतूंचा आपोआप होणारा खेळ आहे, इच्छेवर चालत नाही. त्यात श्वास सोडताना आतली गरम ओली हवा थंड पडलेल्या नाकाच्या शेंड्याला लागते आणि तिचं पाणी होतं. थंड पाण्याच्या स्टीलच्या ग्लासावर बाहेरून थेंब जमतात ना, तसंच. तिसरी भर डोळ्यांची. वाऱ्यानं डोळे पाणावतात आणि ते पाणी बारीक नळीनं नाकातच उतरतं.

आता यात सायकल घाला. घरी बसलेला माणूस जेवढी हवा आत घेतो, त्याच्या कितीतरी पट पायडल मारणारा घेतो. सायकल ताशी 12-15 किलोमीटरनं चालली तर हवा स्तब्ध असली तरी तोंडावर तेवढा वारा लागतोच. आणि आपला रस्ता धानाच्या बांध्यांतून, बोडीच्या काठानं, मग जंगलातून. बोडीजवळ गारवा कसा अंगावर येतो ते इथल्या माणसाला सांगायला नको.

म्हणजे त्या पोरीचं नाक बिघडलेलं नव्हतं, काम करत होतं. युरोपात बर्फावर घसरगुंडी खेळणाऱ्या धडधाकट लोकांचंही नाक असंच वाहतं. त्यांना कुणी शेंबडं म्हणत नाही. आपल्या पोरीला म्हणतात, कारण तिचा स्वेटर उसवलेला आहे. कडू आहे, पण आहे.

आणि त्या पाण्याला लगेच "सर्दी झाली" म्हणून गोळ्या कोंबणं थांबवा. उबेत आल्यावर पंधरा-वीस मिनिटांत नाक थांबलं, ताप नाही, अंग दुखत नाही, तर ती सर्दी नव्हे, गारठा आहे. त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. (खऱ्या साध्या सर्दीवरही नसतो, ती विषाणूंची असते. पण दोन गोळ्या आणि एक सुई घेतल्याशिवाय आपलं समाधान होत नाही, आणि समाधान विकणारेही गावोगाव आहेत.) ताप आला, छातीत शिट्टी वाजायला लागली, धाप लागली किंवा घट्ट पिवळा शेंबूड दहा दिवस हटेना, तर मात्र चौकातल्या सल्ल्यावर न राहता ग्रामीण रुग्णालय गाठा. दमा असलेल्या मुलांना थंड हवेत सायकल मारणं बाधू शकतं, त्यांच्या आईबापांनी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं.

आता मुद्द्यावर येतो.

ही पोरगी पहाटे सायकलवर का आहे? कारण शासनानंच तिला सायकलवर बसवलं. आणि चांगलं केलं. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्यांना. अनुदान आधी साडेतीन हजार होतं, 2022 मध्ये पाच हजार झालं. निळ्या मानव विकास बस आहेत, पण बस प्रत्येक टोलीवर जात नाही. या सायकलींनी आपल्याकडच्या किती पोरी आठवीनंतर घरी बसायच्या वाचल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या योजनेविरुद्ध माझा एक शब्द नाही. पण सायकल देणाऱ्यानं ती किती वाजता चालवावी लागते, हे विचारलंय का?

आपल्याकडे इतर दिवशी शाळा उशिरा भरते. शनिवारी सकाळची. शाळा साडेसातची, म्हणजे टोलीवरून निघायचं साडेसहाला. जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवतो पावणेसातच्या सुमारास. म्हणजे आठवड्यातला एक दिवस आपण तेरा-चौदा वर्षांच्या पोरींना दिवसातल्या सगळ्यात थंड वेळेला, अंधुक उजेडात, अस्वलाच्या रस्त्यानं पाठवतो. का? तर शनिवारची शाळा सकाळची असते म्हणून. का असते? पूर्वीपासून असते म्हणून. यापलीकडचं उत्तर मला आजवर एकाही साहेबानं दिलेलं नाही.

8 फेब्रुवारी 2024 ला शासनानं निर्णय काढला की पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर 2023 मध्ये लेकरांच्या झोपेचा विषय काढला, त्यानंतरचा हा निर्णय. झोप पुरत नाही, थंडी-पावसात सकाळी निघावं लागल्यानं मुलं आजारी पडतात, अशी कारणं त्यात आहेत. छान. पण चौथीतून पाचवीत गेलं की थंडी वाजायची थांबते का? चौथीचं लेकरू बहुतेक गावातल्याच शाळेत जातं, चालत, पाच मिनिटांत. लांब जातात ते मोठे. ज्यांना वारा खरा लागतो, त्यांनाच निर्णयातून वगळलं.

आणि हवामान बघून वेळ बदलता येत नाही, असं कुणी सांगू नका. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा सुरू होतात, जूनच्या शेवटी. ऊन तापलं की शाळा सकाळच्या होतात. म्हणजे आपलं ऊन सरकारला मान्य आहे, आपली थंडी मान्य नाही.

"आमच्या काळात आम्ही अनवाणी पायी जात होतो" हे वाक्य खाली कमेंटमध्ये येणारच आहे. काका, तुम्ही गेलात, मान्य. तुमच्यासोबतचे किती जण चौथीनंतर गेलेच नाहीत, तेही लिहा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. वाहतं नाक ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट आहे, मी नेतोही. पण त्याच सायकलींच्या रांगेत सिकलसेलची मुलं आहेत. आपल्या जिल्ह्यात हा आजार घरोघरी माहीत आहे. तपासणी झाली, कार्डं मिळाली, 1 जुलै 2023 ला शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आणि हा आजार असलेल्या मुलांना पहिल्यांदा काय सांगतात? थंडीपासून जपा, पाणी भरपूर प्या, अतिश्रम करू नका. गारठ्यानं रक्तवाहिन्या आखडतात, कोयत्यासारख्या वाकड्या झालेल्या पेशी अडकतात आणि हाडांत अशा कळा उठतात की पोर जमिनीवर लोळतं. एक खातं कार्ड देऊन सांगतं की थंडीत जपा. दुसरं खातं त्याच पोराला साडेसहाला थंडीत बोलावतं. दोन्ही खाती एकाच जिल्ह्यातली. एकमेकांशी बोलायला काय हरकत आहे, सांगा ना.

मागणी लंबीचौडी नाही. डिसेंबर आणि जानेवारी या दोन महिन्यांत शनिवारची शाळा नऊच्या आधी भरवू नका. जिल्हा परिषद असो, खाजगी संस्था असो की कनिष्ठ महाविद्यालय. आणि फाटकावर तोंडाचा स्कार्फ काढायला लावणं बंद करा. "गणवेशाच्या रंगाचा नाही" म्हणून कानटोपी पिशवीत ठेवायला लावणारे गुरुजी मी पाहिलेत. आठवीपर्यंतच्या मोफत गणवेशात स्वेटर येत नाही. जे तुम्ही देत नाही, त्याचा रंग कसला तपासता?

निर्णय होईल तेव्हा होईल. उद्या सायकलवर बसणाऱ्या पोरींनी तोवर काय करायचं? थोडं सांगतो, रविवारपासून रोज सकाळी सायकल काढतोय त्या अनुभवाचं आणि डॉक्टर मित्राला विचारून. नाक-तोंड सुती दुपट्ट्यानं झाका, घट्ट नाही, श्वास घेता येईल असं. आपलाच गरम श्वास त्यात राहतो आणि नाकाला कमी काम पडतं. कापड ओलं झालं की उलट गार लागतं, म्हणून दुसरा कोरडा रुमाल दप्तरात हवा. जुन्या बनियनचा तुकडा मनगटाला बांधा, हँडल न सोडता पुसता येतं. ही युक्ती माझी नाही, त्याच नववीच्या मुलीची. निघायच्या आधी नाकाखाली आणि ओठांना व्हॅसलीन लावा, कातडी सोलवटत नाही. खोबरेल थिजलं असेल तर चुलीजवळ धरा. शिंकरायचं तर थांबून, एक पाय टेकवून, एकेक नाकपुडी हलकेच. जोर लावला की कानात दडे बसतात. आणि घाईनं पायडल मारत तोंडानं श्वास घेऊ नका, हवा न तापता थेट आत जाते.

गुरुजींशी माझं बोलणं झालं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "अहो, आम्हीपण देवरीहून गाडीवर येतो, आमचंही नाक वाहतंच." मग मी म्हटलं, तुम्हाला कोण नळावर पाठवतं? हसले. नंतर म्हणाले, वेळ बदलायचं माझ्या हातात नाही, वरून यायला पाहिजे.

तर वर जाऊ. मंगळवारी मी शिक्षण विभागाला द्यायचं निवेदन लिहून चौकात ठेवतोय. सह्या पालकांच्या पाहिजेत, पुढाऱ्यांच्या नंतर बघू. सिकलसेलचं कार्ड असलेल्या मुलांच्या पालकांनी आवर्जून या. नाव जाहीर करायचं नसेल तर करणार नाही. आणि ज्यांना हे सगळं उगाचचं वाटतं, त्यांच्यासाठी येत्या शनिवारी पहाटे सव्वासहाला चौकात दोन जास्तीच्या सायकली ठेवतोय. रुमाल आपापला आणा.